ब्रँड तरुण आहे, तुमचं वय बेचाळीस: नोकरीत बाई म्हणून, वय म्हणून डावललं तर काय करायचं?

परळच्या जाहिरात एजन्सीच्या ऑफिसात, काचेच्या मीटिंग रूममध्ये मला सांगण्यात आलं, "ब्रँड तरुण आहे, क्लायंटला समोर तरुण टीम हवीय. तू आता मेंटॉरिंग कर." त्या अकाउंटची, म्हणजे त्या क्लायंटच्या जाहिरातींची, कॉपी मी अकरा वर्षं लिहीत होते. मी मान डोलावली, लॅपटॉप उचलला आणि घरी गेले. सहा महिन्यांनी वकिलांसमोर बसले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे कोणत्या तारखेला घडलं?" मला सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न, "खोलीत कोण कोण होतं?" चौघं होते, पण त्यातलं कोण काय बोललं हे आठवेना. तिसरा, "याबद्दल एखादा मेल?" नव्हता.

माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण कागदावर ते कुठेच नव्हतं. नंतर एजन्सीतल्या, बँकेतल्या, आयटीतल्या कितीतरी मैत्रिणींशी आणि काही पुरुष सहकाऱ्यांशी बोलले तेव्हा कळलं की बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. म्हणून मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. हे मुख्यतः भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या खाजगी नोकरीबद्दल आहे.

आधी दार ओळखा

ही गोष्ट कटू आहे, पण सुरुवातीलाच माहीत असलेली बरी. खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असं थेट सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. शिवाय ते कलम मुख्यतः सरकारला बांधतं, तुमच्या एजन्सीला नाही. लिंगाच्या बाबतीत मात्र खाजगी मालकालाही बांधणारे कायदे आहेत: समान वेतन, प्रसूती लाभ, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ.

आणि बाईच्या बाबतीत वय आणि लिंग बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात. पंचेचाळिशीचा पुरुष 'सीनियर' होतो, पंचेचाळिशीची बाई 'जरा जुन्या वळणाची'. त्यामुळे "माझं वय झालं म्हणून काढलं" एवढ्यावर तक्रार उभी करू नका. आधी स्वतःला विचारा: माझ्याच वयाच्या, माझ्याच कामाच्या पुरुषाला असंच वागवलं का? त्याचं अकाउंट काढून घेतलं का? त्याची पगारवाढ रोखली का? नसेल तर हा नुसता वयाचा प्रश्न राहत नाही, लिंगाचा होतो, आणि ते दार उघडं आहे. पुरुषालाही काढलं असेल तर रस्ता वेगळा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एक सांगते. प्रत्येक वाईट बॉस भेदभाव करत नसतो. सगळ्यांवरच ओरडणारा माणूस सगळ्यांवरच ओरडतो. तुलनेला एक माणूस सापडायला हवा: काम सारखं, वागणूक वेगळी. तो सापडेपर्यंत घाई करू नका.

शब्दांकडेही लक्ष ठेवा. भेदभाव सहसा स्वतःच्या नावाने येत नाही. "कल्चर फिट नाही", "एनर्जी कमी वाटते", "ओव्हरक्वालिफाइड आहात", "घरी लहान मूल आहे, आउटडोअर शूटला तुला कशाला त्रास" अशी त्याची बोलायची पद्धत असते. शेवटचं वाक्य तर प्रेमाने उच्चारलं जातं. पण त्या प्रेमापायी शूट जातं, शूट गेलं की शोरीलमधलं, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओतलं, काम जातं आणि पुढच्या अप्रेझलला "या वर्षी मोठं काम दिसत नाही" असं ऐकावं लागतं.

त्याच रात्री लिहायची वही

साधी दोनशे पानी वही घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. नोकरी सुटली की तो त्याच दिवशी परत करावा लागतो. प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द (ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत), आणि त्याचा कामावर झालेला परिणाम. मतं लिहू नका. "तो बायकांचा द्वेष करतो" हे मत झालं. नोंद कशी असते ते दाखवते (पिच म्हणजे काम मिळवण्यासाठी क्लायंटपुढे करायचं सादरीकरण):

"मंगळवार, ११ वाजता, तिसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम. बिझनेस हेड, एचआर, मी आणि ज्युनिअर आर्ट पार्टनर. बिझनेस हेड म्हणाले: वी नीड यंग ब्लड ऑन धिस, यू हॅव अ फॅमिली नाऊ. पिचचं काम त्याच दुपारी मला रिपोर्ट करणाऱ्या मुलाकडे दिलं. त्याला तीन वर्षांचा अनुभव आहे. मेल ३:४० ला आला, मला सीसीमध्ये ठेवलं होतं."

एवढी नोंद पुरे. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची, कारण तिच्यामुळे वहीतली गोष्ट कंपनीच्याच सर्व्हरवरच्या एका मेलशी जोडली गेली.

कागदपत्रांचं म्हणाल तर जे तुमचं आहे ते घरी आणा: ऑफर लेटर, नेमणूकपत्र, पगारपत्रकं, प्रत्येक वर्षाचं अप्रेझल, बढतीची पत्रं, पुरस्कारांची प्रमाणपत्रं. क्लायंटची डेक, ब्रीफ, दुसऱ्यांच्या पगाराच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. गोपनीयतेच्या अटीचा भंग म्हणून कंपनी तुम्हालाच नोटीस काढेल आणि मूळ विषय बाजूला पडेल. त्याऐवजी वहीत लिहून ठेवा: अमुक तारखेचा, अमुक विषयाचा मेल, अमक्याने तमक्याला. प्रकरण पुढे गेलं तर तो मेल सादर करायला लावण्याची मागणी करता येते.

तोंडी बोलण्याला लेखी उत्तर

मीटिंग संपली की चोवीस तासांच्या आत एक छोटा, सभ्य मेल पाठवा. ऑफिसची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीतच. मजकूर साधारण असा:

"काल आपली चर्चा झाली त्यानुसार मला अमुक अकाउंटवरून बाजूला करण्यात येत आहे. क्लायंटला तरुण टीम हवी आहे, असं कारण मला सांगण्यात आलं. गेल्या दोन अप्रेझलमध्ये या अकाउंटवरच्या माझ्या कामाला चांगलं रेटिंग मिळालं आहे. या निर्णयामागे कामाशी संबंधित काही कारण असल्यास कृपया कळवावं. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास दुरुस्त करावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं तर त्यांचं कारण लेखी मिळतं. नाही आलं, तर तुम्ही मांडलेली हकिकत त्यांनी नाकारली नाही, हे कागदावर राहतं. संतापाचा मेल कधीही पाठवू नका. लिहायचा तर खुशाल लिहा, पण पत्ता न टाकता, आणि सकाळी पुसून टाका.

पगार: सगळ्यात भक्कम जमीन

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण बायका इथे सगळ्यात कमी बोलतात आणि कायदा इथेच सगळ्यात स्पष्ट आहे.

ऑड्री डिकोस्टा मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. त्यांच्या हुद्द्यातच 'लेडी' हा शब्द होता: कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर. पुरुष स्टेनोग्राफरना पगार जास्त होता. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली, आणि त्यानंतर त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची मागणी केली. कंपनीने सांगितलं, युनियनशी करार करूनच हे पगार ठरलेत. शिवाय बायकांचं काम वेगळं आहे. शिवाय कंपनीची परिस्थिती बेताची आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८७ मध्ये कोर्टाने डिकोस्टांच्या बाजूने निकाल दिला. युनियनचा करार असला तरी कायदा मोडता येत नाही आणि पैसे नाहीत ही सबब चालत नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं. यातून दोन गोष्टी उचला. नोकरी गेल्यानंतरही फरक मागता येतो. आणि हुद्द्याचं नाव वेगळं ठेवलं म्हणून काम वेगळं होत नाही.

१९७६ च्या त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'एम्प्लॉयी' या शब्दाची व्याख्या रुंद आहे आणि सुपरव्हायझर, मॅनेजर, प्रशासकीय पदांवरचे लोकही तिच्यात येतात. "तुम्ही मॅनेजर, तुम्हाला कामगार कायदा लागू नाही" असं एचआर ठणकावून सांगेल. समान वेतनाच्या बाबतीत ते ऐकून गप्प बसू नका. सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम म्हणजे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी. एकीचा हुद्दा 'कॉपी सुपरव्हायझर' आणि दुसऱ्याचा 'असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर' असला तरी रोजचं काम काय, हे पाहिलं जातं. आणि बाईचा पगार वाढवायच्या ऐवजी पुरुषाचा कमी करून बरोबरी साधायलाही कायद्यात मनाई आहे.

तुलना कशी करायची? एका पानावर दोन रकाने काढा. डावीकडे तुम्ही, उजवीकडे तो: किती वर्षांचा अनुभव, किती जण रिपोर्ट करतात, कोणती अकाउंट्स, कोणते पिच, क्लायंटसमोर सादरीकरण कोण करतं, शूटवर निर्णय कोण घेतं. पगाराचा आकडा सहकाऱ्याने स्वतःहून सांगितला तर ठीक. चोरून काढू नका. बरेच पुरुष विचारलं तर सांगतात, हा माझा अनुभव आहे. आपणच विचारत नाही. वेतन संहितेखालचा दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि काम सारखं आहे की नाही यावर वाद झाला तर तो सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जातो. चौकशीची सुरुवात तुमच्या भागातल्या कामगार आयुक्त कार्यालयात करा.

महाराष्ट्रात याखेरीज २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराशी भेदभाव करायला त्यात मनाई आहे. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना त्यातून वगळण्याची तरतूद आहे, म्हणून आपलं पद कशात बसतं ते आधी विचारून घ्या.

बाळंतपणाची रजा

मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. रजेच्या काळात संपेल अशी नोटीस देणं आणि त्या काळात नोकरीच्या अटी तिला तोटा होईल अशा बदलणं, हेसुद्धा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत रोज दोनदा जादा मोकळा वेळ मिळतो, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते.

जाहिरातीच्या धंद्यात उघड काढून टाकणं फार होत नाही. परत येता तेव्हा अकाउंट दुसऱ्याकडे असतं आणि तुम्हाला 'स्पेशल प्रोजेक्ट्स' देतात. म्हणून रजेवर जायच्या आधी एक हँडओव्हर मेल करा: आत्ता माझ्याकडे ही अकाउंट्स, हे लोक, ही जबाबदारी, रजेच्या काळात ती अमक्याकडे, अमुक तारखेला मी परत घेईन. मॅनेजरकडून त्यावर नुसतं "ठीक आहे" एवढं उत्तर घ्या. परत आल्यावर काय गेलं हे दाखवायला तो एकच मेल पुरतो.

अंतर्गत समितीकडे केव्हा

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कायदा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरची. त्याहून लहान एजन्सी किंवा प्रॉडक्शन हाउस असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. फ्रीलान्सर, इंटर्न, कंत्राटावरची स्टायलिस्ट, सगळ्या जणी यात येतात. शूटचं लोकेशन आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाण धरलं जातं.

पगार कमी दिला किंवा बढती नाकारली एवढ्यावर ही समिती चालत नाही. वागणूक लैंगिक स्वरूपाची असावी लागते. "हा ड्रेस घालून प्रेझेंटेशनला आलीस तर अकाउंट टिकेल" हे त्यात बसतं. नकार दिल्यावर पिचवरून काढलं तर तेही बसतं. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. चौकशी सुरू असताना स्वतःची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंतची रजा, आणि आपलं अप्रेझल त्याच्या हातात राहू नये, हे लेखी मागा. बऱ्याच जणी एका भीतीने थांबतात: सिद्ध झालं नाही तर मलाच शिक्षा होईल. तसं नाही. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

पीआयपी आणि "तुम्हीच राजीनामा द्या"

दहा वर्षं चांगलं रेटिंग आणि अचानक कामगिरी सुधारण्याची लेखी मुदत, म्हणजे पीआयपी, हातात पडली तर घाबरू नका. सही मागतील. "मिळालं, मजकूर मान्य नाही" असं लिहून, तारीख घालून सही करा. मग लेखी विचारा: कोणतं काम, कोणत्या मोजमापाने, कोण तपासणार, माझ्या बरोबरीच्या किती जणांना हे दिलंय.

राजीनाम्याची पद्धत सगळीकडे सारखीच आहे. संध्याकाळी साडेपाचला बोलावतात, टेबलावर छापील कागद असतो, "आज सही केलीत तर तीन महिन्यांचा पगार, उद्या काही सांगता येत नाही" असं म्हणतात. माझ्या ओळखीचे एक आर्ट डायरेक्टर, वय ५१, यांनी सही केली. ग्रॅच्युइटी, उरलेल्या रजांचे पैसे, कुटुंबाचा आरोग्य विमा, यातलं काहीच त्यांनी त्या खोलीत विचारलं नव्हतं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. तुम्ही एवढंच म्हणा: "मी कागद घरी नेऊन वाचते, चार दिवसांनी कळवते." नेऊ देत नसतील तर सही न करता बाहेर या आणि रस्त्यावरून मेल करा की असं असं झालं.

हिशोब स्वतः करून ठेवा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी मिळते: दरमहा ग्रॅच्युइटीला धरला जाणारा पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा तो पगार ८०,००० आणि नोकरी १० वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ११. रक्कम होते सुमारे ५,०७,६९२ रुपये. हे कंपनीचे उपकार नाहीत, 'पॅकेज'चा भाग म्हणून ते दाखवत असतील तर वेगळे काढायला लावा. राजीनामा असो वा काढून टाकणं असो, नव्या संहितेप्रमाणे वेतनाचा अंतिम हिशोब कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो.

प्रश्न नुसत्या वयाचाच असेल तर

इथे पुरुषही येतात. वयाबद्दल हा धंदा किती मोकळेपणाने बोलतो ते २०२० मध्ये दिसलं. डब्ल्यूपीपी या जगातल्या मोठ्या जाहिरात समूहाचे तेव्हाचे प्रमुख मार्क रीड यांनी आपल्या लोकांचं सरासरी वय तिशीच्या आत असल्याचं कौतुकाने सांगितलं आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली.

आपल्याकडे तीन गोष्टी तपासा. एक, नेमणूकपत्रातलं निवृत्तीचं वय: ५८ की ६०? त्याआधी 'वय झालं' हे कारण मुळात करारातच बसत नाही. दोन, तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' आहात का. स्टुडिओतला डीटीपी ऑपरेटर, प्रॉडक्शन असिस्टंट बहुधा असतो. हुद्दा काय यापेक्षा हात कोणत्या कामात असतो ते पाहतात. असाल तर कपातीच्या वेळी 'शेवटी आला तो आधी जाईल' हा नियम आहे. जुन्या माणसाला काढून नवा ठेवला तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. तीन, कामगार नसाल तर करार आणि वाटाघाटी हेच हत्यार, आणि तिथे तुमची वही व अप्रेझलं उपयोगी पडतात.

अमेरिकेत असलेल्या मराठी वाचकांसाठी: तिथे १९६७ पासून चाळिशी आणि त्यापुढच्यांसाठी वयभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. नोकरी सोडताना वयाचा दावा सोडून देणाऱ्या कागदावर सही मागितली तर विचाराला किमान २१ दिवस (सामूहिक कपातीत ४५) आणि सही केल्यावर फिरवायला ७ दिवस मिळतात. तक्रारीची मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात वय आहेच.

तुम्ही माणसं निवडत असाल तर

"महिला उमेदवार, वय २२ ते २८, स्मार्ट दिसणारी" ही ओळ अजूनही छापली जाते. २०२४ मध्ये रॉयटर्सच्या बातमीने आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना वगळलं जात असल्याचं समोर आणलं. केंद्र सरकारने अहवाल मागवला, आणि पुढे भरती करणाऱ्यांना जाहिरातींतून वय, लिंग, लग्नाच्या अटी काढायला सांगितलं गेल्याचीही बातमी आली. तुमच्या जाहिरातीत वयाऐवजी काम लिहा: "तीन भाषांत रील लिहिता यावेत", "महिन्यातून दोन आउटडोअर शूट". आणि मुलाखतीत "लग्नाचा विचार आहे का" हा प्रश्न कुणी विचारला तर त्याच खोलीत थांबवा, मुलगी बाहेर गेल्यावर नको. जाहिरातींतल्या साचेबंद बायका-पुरुषांबद्दल तक्रार करायची तर अ‍ॅस्कीकडे, म्हणजे जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेकडे, करा. जून २०२२ पासून त्यांची यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

वकिलाकडे जाताना

पैशांमुळे थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा. सोबत एका पानाची तारीखवार यादी न्या, वही न्या, रकान्यांचं ते पान न्या, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवून जा: पगारातला फरक, जुनं काम परत, की मानाने बाहेर पडणं. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि वकील तेच आधी विचारतील. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ तुमच्या कपाटात.